बाटलीत मावलेला ओढा

पाऊस स्थिरावला की बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या कडेचे ओहळ, आरेतले नाले, मुलुंडच्या डोंगरउतारावरचे झरे पुन्हा बोलू लागतात. रविवारी तिथे हमखास दोन-चार पोरं पाण्यात वाकलेली दिसतात. कुणाच्या हातात पंचा, कुणाच्या हातात घरून पळवलेली चहाची गाळणी. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत अंगावर एकच काळी रेघ असलेला रासबोरा, नशीब जोरावर असेल तर डोक्यावर चांदीचा टिकला मिरवणारी किलीफिश. आता हे मासे फ्लॅटमधल्या काचेच्या टाकीत जाणार. यात बिघडलं काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

छंदाची बाजू आधी घेऊ, कारण ती सहसा कुणी घेत नाही. क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळणारा एंजल मूळचा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. गप्पीही दक्षिण अमेरिकेकडचा. डासांच्या अळ्या खायला म्हणून आपण तो हौदा-विहिरींत सोडला आणि आता तो इथलाच वाटतो. अंधेरीतल्या मुलाला ॲमेझॉनचा मासा ओळखता येतो आणि ओशिवरा नदीत मासे होते हे सांगितलं तर ते हसतं. ज्याच्या टाकीत ओढ्यातला मासा आहे, त्याला निदान नाल्याकडे नदी म्हणून पाहायचं कारण मिळतं. शिवाय हौशी माणसाचं हे वेड अगदीच निरुपयोगी नसतं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातल्या ओढ्यांतला, भातखाचरांतला मासा. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तो हाती घेतला, तो पाळीव माशांच्या दुकानातून आणून.

आणि नदी मारली कुणी? गाळणीने नक्कीच नाही. दहिसर नदी तुळशी तलावाकडून निघते आणि जेमतेम १२ किलोमीटरांत खाडीला मिळते. उद्यानाबाहेर पडली की सांडपाणी, तबेल्यांचं शेण, काँक्रीटच्या भिंती. २००५च्या जुलैमधल्या पुरानंतर उपनगरांतल्या नद्यांना भिंतींत कोंबण्याची घाई झाली, त्यात तळाचे दगडगोटेही गेले. माशांनी अंडी घालायची कुठे?

इथवर मी छंदवाल्यांच्या बाजूने आहे. पण हाच मुद्दा पुढे नेला की त्यांच्यावर उलटतो. नदी जिथे अजून नदी आहे, तो तुकडा नेमका उद्यानाच्या आत आहे. तिथे १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि त्याच्या लेखी बिबट्या आणि बोटभर मासा यांत फरक नाही; परवानगीशिवाय काहीच बाहेर नेता येत नाही. म्हणजे उपनगरात जिथले मासे न्यावेसे वाटतात तिथून ते नेता येत नाहीत, आणि जिथून नेले तर फारसं कुणी अडवणार नाही तिथे घाण सोसणारे दोन-चार चिवट मासेच उरलेत. पाड्यांवरची वारली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यातले मासे-खेकडे खात आली, हा दाखला छंदवाले देतात. कायद्यात आणि त्या कुटुंबांच्या पोटात जी ओढाताण आहे ती खरीच आहे, पण ती सोडवायला आपला फिशटँक मध्ये आणायची गरज नाही.

दुसरी अडचण वेळेची. आपण ओढ्यावर जातो तो पावसाळ्यात, आणि पहिल्या पावसांत कितीतरी मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. चढणीच्या माशांवर कोकणात ताव मारला जातो, हे खरं. तरी मरळीची ओढ्यातली बुटकी जात पाहा. तिचा नर अंडी-पिल्लं तोंडात सांभाळतो. तो एक उचलला की अख्खी वीण गेली.

हौस एकाची असते तोवर ठीक, बाजार झाला की हिशेब बदलतो. केरळच्या ओढ्यांतला, ‘मिस केरला’ म्हणून विकला जाणारा लाल पट्ट्याचा मासा परदेशी टाक्यांसाठी इतका उपसला गेला की २००८मध्ये सरकारला पकडण्यावर बंधनं घालावी लागली. गंमत अशी की बंदीचे महिने माशाच्या विणीच्या महिन्यांशी जुळत नव्हते, असं अभ्यासकांनी नंतर दाखवलं. आपल्याकडचं उदाहरण अधिक शहाणपणाचं. आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाशी, महादेवाच्या देवळाजवळच्या पाण्यात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’चं शास्त्रीय वर्णन २०२०मध्ये प्रसिद्ध झालं आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. इतक्या छोट्या जागेतल्या माशाचे चार शौकीन जरी निघाले, तरी तो संपला असता.

मग पोरांना हाकलायचं का? माझं मत नाही असं आहे, पण गाळणी उद्यानाच्या हद्दीत नको. कर्जत-वाड्याकडे कुणाचं शेत असेल, तर पाऊस ओसरल्यावर आटत चाललेल्या चरातले, तिथे भरपूर असलेल्या जातीचे चार-सहा मासे आणायला माझी हरकत नाही. ते आटणाऱ्या डबक्यात तसेही बगळ्याच्या पोटात जायचे. वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहणारे मात्र आणूच नयेत. त्यांना खळाळ आणि भरपूर प्राणवायू लागतो, आणि क्लोरीनच्या नळपाण्याने भरलेल्या वाडग्यात ते दोन दिवसांत उताणे होतात.

एका गोष्टीत मात्र मी तडजोड करणार नाही. आणलेला मासा परत सोडायचा नाही, जिथून आणला तिथेही नाही, कारण टाकीतल्या परदेशी माशांचे रोग त्याच्याबरोबर ओढ्यात उतरतात. कंटाळा आला तर दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. घर बदलताना पिशवी घेऊन तलावाकाठी जाणारे लोक मनाने दयाळू असतात, आणि त्यांच्या पिशवीत बहुतेक वेळा काच चाटणारा, आता हातभर झालेला सकर असतो.