११ए आहे का हो?

जून २०२५ नंतर विमानाचं तिकीट काढताना एक नवीच फॅशन आली. सीट नंबर ११ए. अहमदाबादच्या अपघातात विमानातला जो एकमेव प्रवासी वाचला, तो ११एवर बसला होता. झालं, लोक जादा पैसे मोजून तीच सीट मागू लागले. आता ही सीट प्रत्येक विमानात इमर्जन्सी दरवाजापाशी असते असंही नाही. काही बोइंग ७३७ विमानांत तर ११एला खिडकीच नसते! पैसे देऊन भिंत बघत बसायचं.

हसू नका. माझी एक मैत्रीण मुलुंडला राहते, ऑफिस अंधेरीत आणि महिन्यातून दोनदा बंगलोर. सकाळी मुलुंडहून लोकलच्या दारात लटकायचं, घाटकोपरला लोंढ्याबरोबर बाहेर पडायचं, मग मेट्रो. मुंबईच्या लोकलमार्गांवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं जातात, हे तिला माहीत आहे. तरी लोकलमध्ये ती निवांत गाणी ऐकते आणि विमानात टेक-ऑफला सीटचा हात घट्ट धरून डोळे मिटून घेते. ‘लोकलचा दांडा माझ्या हातात असतो गं. विमानात माझ्या हातात काय असतं?’ हा तिचा सवाल. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा : ‘वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?’

याला आकडेवारीचं उत्तर देऊन उपयोग नाही, हे मला पाच मिनिटांत कळलं. म्हणून तिला एक जुनी गोष्ट सांगितली. आपल्याच उपनगरातली आहे.

अहमदाबादच्या विमानाचा नंबर होता १७१. एअर इंडियाने नंतर तो नंबर बंदच केला. पण १७१ याआधीही होता, इंडियन एअरलाइन्सचा. १२ ऑक्टोबर १९७६च्या रात्री तो सांताक्रूझहून मद्रासला निघाला. कॅराव्हेल जातीचं विमान, दोन्ही इंजिनं शेपटीजवळ. उड्डाणानंतर लगेचच एक इंजिन गेलं. वैमानिकांनी विमान वळवलं, धावपट्टीकडे आणलंसुद्धा. पण मागे आग लागली होती. कंट्रोल सुटला आणि धावपट्टीच्या अलीकडेच ते कोसळलं. ९५ जण होते, सगळे गेले. मल्याळम अभिनेत्री राणी चंद्रा त्यांतली एक.

कारण काय निघालं? इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधल्या एका डिस्कला तडा होता. स्टीलची तार आपण पुन्हापुन्हा वाकवली की एका क्षणी ती पटकन तुटते, तसं. ही डिस्क प्रचंड वेगात फिरत असते. ती फुटली, तुकडे इंजिनाचं कवच फोडून बाहेर आले आणि त्यांनी इंधनाची नळी कापली. म्हणजे इंजिन नुसतं ‘बंद’ पडलं असतं, तर विमान बहुधा परत उतरलं असतं. जीव घेतला तो फुटलेल्या तुकड्यांनी.

माझ्या मैत्रिणीच्या डोक्यात या दोन गोष्टी एकच होत्या. तुमच्याही असतील. म्हणून आता दुसरं उदाहरण, तेही इथलंच. १९ मे २०२२. सकाळी मुंबईहून बंगलोरला निघालेल्या एअर इंडियाच्या ए-३२० निओचं एक इंजिन हवेत बंद झालं. २७व्या मिनिटाला विमान परत मुंबईत उतरलेलं होतं, कुणाला खरचटलंही नाही. दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर उडू शकतं आणि नेमकं टेक-ऑफच्या वेळी एक गेलं तरी वर चढू शकतं, हे दाखवल्याशिवाय त्याला प्रवासी नेण्याची परवानगीच मिळत नाही. टेक-ऑफला इंजिन गेल्याचा सराव वैमानिक दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर करतात. इंजिनाची परीक्षाही भयंकर असते : पूर्ण वेगात फिरत असताना पुढच्या पंख्याचं एक पातं मुद्दाम तोडतात आणि बाहेरचं कवच ते आत अडवतं का, ते बघतात.

डिस्कचं मात्र तसं नाही. ती फुटली तर आजही कवच तिला अडवेल याचा भरवसा नसतो. ती फुटायच्या आधीच बाहेर काढायची, हाच उपाय. प्रत्येक डिस्कचं आयुष्य ठरलेलं असतं. ते संपलं की ती दिसायला कितीही धडधाकट असो, काढून टाकायची.

आणि इथे आपला संबंध येतो. २०२३ साली प्रॅट अँड व्हिटनी कंपनीने जाहीर केलं, की ए-३२० निओच्या काही इंजिनांतल्या डिस्क ज्या धातूच्या भुकटीपासून बनवल्या, तिच्यात अशुद्धी होती. त्यांना वेळेआधी तडे जाऊ शकतात. जगभरातली शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर आली, आपल्याकडे इंडिगोचीच डझनावारी. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्टने याच कंपनीच्या इंजिनांकडे बोट दाखवून गाशा गुंडाळला होता. (त्यांची तक्रार इंजिनं लवकर खराब होतात आणि बदली मिळत नाहीत, ही होती.) आपल्याला यातलं काय दिसलं? महागलेलं गोव्याचं तिकीट! आपण ऑफिसच्या कँटीनमध्ये एअरलाइन्सना शिव्या घातल्या. पण १९७६मध्ये जो तडा कुणाला दिसलाच नाही, त्याच्या नुसत्या शंकेवरून या वेळी विमानं थांबवली गेली.

अहमदाबादचं काय, हे मैत्रिणीने विचारलंच. तिथे एक नाही, दोन्ही इंजिनं गेली. प्राथमिक अहवालात आहे, की उड्डाणानंतर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एकापाठोपाठ ‘कटऑफ’वर गेले. ते का गेले, याचं उत्तर त्या अहवालात नाही. वर सांगितलेल्या कुठल्याही चाचणीने हा प्रश्न सुटत नाही आणि ‘विमान सगळ्यात सेफ असतं गं’ म्हणून तो उडवून लावणं मला तरी जमलं नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. १६ जुलै २०२५ला दिल्लीहून गोव्याला निघालेलं इंडिगोचं विमान रात्री मुंबईत उतरवावं लागलं, इंजिनाच्याच बिघाडामुळे. वैमानिकाने ‘पॅन-पॅन’ दिला. म्हणजे काम तातडीचं आहे, पण जीव लगेच धोक्यात नाही. त्याच्या पुढची पायरी ‘मेडे’. किती नेमकी भाषा! आणि एरवी प्रवाशांना काय मिळतं? ‘तांत्रिक कारणास्तव.’ एसी बिघडला तरी तेच, इंजिन गेलं तरी तेच. अहो, सांगा ना सरळ, की एक इंजिन बंद केलंय, दुसरं चालू आहे, वीस मिनिटांत उतरतोय. घाबरायचं ते माणसं तेवढ्याने घाबरतीलच, पण निदान नेमक्या गोष्टीला घाबरतील.

एक मात्र वैमानिकांच्या बाजूने. त्यांच्या कामाचा क्रम ठरलेला असतो : आधी विमान सांभाळायचं, मग दिशा ठरवायची, मग बोलायचं. बोलण्यातही कंट्रोल टॉवर पहिला, आपला नंबर शेवटचा. काहीतरी धडाम झाल्यावर स्पीकरवर जी लांबलचक शांतता पसरते ना, तेव्हा पुढे दोघं जण चेकलिस्ट वाचत असतात.

२०२२च्या त्या सकाळचे प्रवासी नंतर दुसऱ्या विमानात बसून बंगलोरला गेले.