जादा टॅक्स कुणाच्या खिशात?

रविवारी खडकवासला चौपाटीवर गरमागरम कणीस, कांदाभजी झाली. परतताना दुकानातून शाम्पू, टूथपेस्ट घेतली आणि बिल चुरगाळून खिशात! थांबा बॉस, ते जरा उघडा. 22 सप्टेंबर 2025 पासून या दोन्हींवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आलाय. दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये जुनाच रेट राहिला असेल, तर वरचे 13 टक्के कुणाचे?

दुकानदाराचे तर नक्कीच नाहीत. जीएसटी कायद्याचं कलम 76 सांगतं, टॅक्स म्हणून जे घेतलं, ते सरकारजमा करा, चुकून घेतलेलंसुद्धा. हे नवीन नाही. मुंबई विक्रीकर कायद्याखाली जादा वसूल केलेला कर सरकार जप्त करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं अजित मिल्स खटल्यात 1977 मध्येच म्हटलंय.

पण पैसे एकदा तिकडे गेले, की तुमच्या तीस-चाळीस रुपयांसाठी सरकारदरबारी खेटे कोण घालणार? म्हणून काउंटरवरच बोला. दुकानदार क्रेडिट नोट काढून जादा रक्कम परत देऊ शकतो. भांडायची गरज नाही, चूक मशिनचीही असते. ऐकलंच नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहेच. फक्त एक करा, बिल फेकू नका!