भिंत पाडू नका, बिघाड शोधा

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील घटनेने सगळा महाराष्ट्र हादरला. त्यानंतर २१ ऑगस्टला शासन निर्णय निघाला आणि शाळांमध्ये सीसीटीव्ही बंधनकारक झाले. खासगी शाळांना त्यासाठी महिन्याभराची मुदत मिळाली. बदलापूरनंतर वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी आणि मग कर्जत. आपल्याच लाइनवर घडलेली गोष्ट असल्याने कर्जत-खालापूरच्या पालकांनी या निर्णयाचे मनापासून स्वागत केले. शाळांनी कसेबसे पैसे उभे करून कॅमेरे लावले. व्यवस्थापनाच्या सभांमध्ये आता विचारले जाते, "कॅमेरे किती बसले? चालू आहेत ना?"

त्या कॅमेऱ्यांत दिसणारी आपली मुले आणखी कोणाकोणाला दिसतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

या प्रश्नाचे उत्तर कॅमेऱ्यात नसते. ते ऑफिसच्या कोपऱ्यात, भिंतीवर टांगलेल्या कुलूपबंद लोखंडी पेटीत असते. तिच्यात दोन यंत्रे असतात. एक स्विच, ज्याला सगळ्या तारा येऊन मिळतात. दुसरे फायरवॉल, म्हणजे दारावरचा राखणदार, जो कोणी आत यायचे, कोणी बाहेर जायचे आणि एका खोलीतल्याने दुसऱ्या खोलीत डोकवायचे की नाही हे ठरवतो. या दोघांचे जमले नाही की शाळेत काय होते, आणि ते दुरुस्त करण्याच्या नावाखाली काय केले जाते, त्याबद्दल हा लेख आहे. विषय तांत्रिक वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कर्जतच्या माणसाला तर तो पटकन समजेल.

कल्याणहून कर्जतपर्यंत एकाच मार्गावरून कर्जतची लोकल धावते, खोपोलीची धावते आणि पुण्याकडे जाणारी एक्सप्रेसही धावते. रूळ तेच असतात. मग फरक कशाने कळतो? फलाटावरच्या इंडिकेटरवर एस असेल तर गाडी कर्जतची, केपी असेल तर खोपोलीची. कर्जतला फाटे फुटतात आणि ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या वाटेला लागते.

व्हीलॅन म्हणजे नेमके हेच. शाळेत एकाच स्विचला ऑफिसचे संगणक जोडलेले असतात, ज्यांवर शालार्थ, सरल आणि यू-डायसची कामे चालतात. मुलांच्या संगणक कक्षाच्या तारा त्यालाच येतात आणि कॅमेऱ्यांच्याही. प्रत्येक गटाला एक क्रमांक देतात. समजा, ऑफिसला १०, संगणक कक्षाला २०, कॅमेऱ्यांना ३०. यंत्र एकच, पण आत तीन खोल्या, आणि मधल्या भिंती क्रमांकांच्या. स्विचकडून फायरवॉलकडे जाणाऱ्या एकाच तारेवरून तिन्ही गटांची माहिती जाते, म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर चार बाइटची एक चिठ्ठी लावतात. १९९८ साली ठरलेल्या ८०२.१क्यू या मानकाने ही पद्धत घालून दिली. क्रमांक १ ते ४०९४ यांपैकी कोणताही घेता येतो. संगणकाला किंवा कॅमेऱ्याला ही चिठ्ठी दिसतही नाही. ती लावायची आणि काढायची जबाबदारी स्विच आणि फायरवॉलची.

आता समजा, स्विचने कॅमेऱ्यांच्या गठ्ठ्यांवर ३० लिहिले, पण फायरवॉलमध्ये ३० क्रमांकाची खोलीच कोणी तयार केलेली नाही. किंवा तिथे चुकून १३ लिहिले आहे. अशा वेळी फायरवॉल तक्रार करत नाही, ते गठ्ठे गुपचूप टाकून देते. तारेजवळचा हिरवा दिवा लुकलुकतच राहतो. हिरवा दिवा फक्त एवढेच सांगतो की तार जोडलेली आहे. समोरच्याला आपली भाषा कळते की नाही, हे तो सांगत नाही.

खरी गडबड इथून सुरू होते. कॅमेरे मोबाइलवर दिसेनात, संगणक कक्षात इंटरनेट येईना, म्हणून शाळा पनवेल किंवा बदलापूरहून माणूस बोलावते. त्याला त्याच दिवशी आणखी चार ठिकाणी जायचे असते. तो अर्धा तास खटपट करतो आणि मग सोपा मार्ग धरतो. सगळ्या तारा पुन्हा क्रमांक १ मध्ये टाकतो, म्हणजे कारखान्यातून यंत्र येते तसे करून ठेवतो. किंवा फायरवॉलमध्ये एकच नियम लिहितो की कोणीही कुठेही जावे. झटक्यात सगळे सुरू होते. मुख्याध्यापक खूश, बिल मंजूर.

पण झाले काय? भिंत पाडली गेली. आता संगणक कक्षात बसलेला विद्यार्थी, वाय-फायचा पासवर्ड मिळालेला पाहुणा किंवा एखादा व्हायरस घेऊन आलेला लॅपटॉप, या सगळ्यांना कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरचे दार समोर दिसते. त्या दाराचे कुलूप बऱ्याचदा कारखान्यातून आलेले, सगळ्या जगाला ठाऊक असलेले असते. हा कल्पनेचा बागुलबुवा नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच मूळचे पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरमध्ये ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास बंद पाडल्या गेल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले महिलांच्या तपासणीचे चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. कॅमेरे तिथेही सुरक्षेसाठीच लावले होते.

मुलींच्या पालकांना मी हे सांगायला लागलो की त्यांचा पहिला प्रश्न असतो, "मग कॅमेरेच काढायचे का?" नाही. कॅमेरे हवेत. पण कॅमेरा लावला की शाळेकडे एक अमानत येते. मराठीतला 'अनामत' हा शब्द याच 'अमानत'चा भाऊ आहे. अनामत रकमेचा हिशेब आपण पावतीनिशी मागतो. मुलांच्या चित्रणाचा हिशेब कोण मागणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी वेगळी तरतूद केली आहे. पण कायदा पेटी उघडून बघायला येत नाही. ते शाळेनेच करायला हवे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की व्हीलॅन चालत नसेल तर भिंत पाडणे ही दुरुस्ती नव्हे. बिघाड शोधणे हीच दुरुस्ती, आणि ती क्रमाने केली तर फार अवघड नसते.

आधी बंद पडलेल्या संगणकाला कोणता आयपी पत्ता मिळाला ते बघावे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने पत्ता मागितला, पण कोणी दिला नाही. भलत्याच खोलीचा पत्ता मिळाला असेल तर ती तार स्विचवर चुकीच्या क्रमांकात आहे. मग त्याच गटातले दोन संगणक हाताने पत्ते देऊन एकमेकांशी बोलतात का ते पाहावे. बोलत असतील तर त्या दोघांपुरता स्विच ठीक आहे आणि दोष बहुधा स्विच आणि फायरवॉलच्या मध्ये आहे.

त्यानंतर त्या मधल्या तारेच्या दोन्ही टोकांचे कागद शेजारी ठेवून वाचावेत. स्विचच्या त्या पोर्टवर १०, २०, ३० हे तिन्ही क्रमांक चिठ्ठीसह सोडले आहेत का? फायरवॉलवर हेच तीन क्रमांक आहेत का, आणि तार जिथे खोचली आहे त्याच पोर्टवर आहेत का? चिठ्ठीविना येणारा गठ्ठा कोणत्या खोलीचा मानायचा, याबद्दल दोघांचे एकमत आहे का? वाटेत दुसऱ्या मजल्यावर आणखी एखादा स्विच असेल तर त्यालाही हे क्रमांक शिकवले आहेत का? कर्जतपर्यंत केपी माहीत असून उपयोग नाही, पळसदरीलाही माहीत हवे.

हे सगळे जुळत असेल तर फायरवॉलच्या नोंदीत त्या संगणकाचा पत्ता उमटला आहे का ते बघावे. उमटला असेल तर रस्ता मोकळा आहे, अडवणूक नियमांत आहे. मग जो नियम कमी आहे तेवढाच लिहावा. सगळ्यांना सगळीकडे मोकळीक देण्याची गरज नाही. आणि एक लक्षात ठेवावे. पुष्कळ फायरवॉल परवानगी दिल्याशिवाय पिंगला उत्तरच देत नाहीत. राखणदार बोलला नाही म्हणजे तो जागेवर नाही, असे समजू नये.

यात भाषेचाही एक घोळ आहे, आणि भाषा शिकवणाऱ्या माणसाला तो चटकन दिसतो. सिस्कोच्या स्विचवर 'ट्रंक' म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. एचपीच्या प्रोकर्व्ह स्विचवर 'ट्रंक' म्हणजे दोन-चार पोर्ट एकत्र बांधून केलेला एक जाड मार्ग. एका कंपनीवर हात बसलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तोच शब्द वाचून भलतेच बटण दाबतो. आपल्याकडेही असेच आहे ना? उर्दूत राजीनामा म्हणजे समझोता, मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. शब्द ओळखीचा वाटला की माणूस अर्थ विचारत नाही, आणि तिथेच फसतो.

दुसरा घोळ आपल्या पावसाचा. घाटाखालच्या या पट्ट्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. बऱ्याच स्विचमध्ये केलेला बदल वेगळा जतन करावा लागतो. जतन केला नाही तर वीज जाऊन आली की स्विच जुनेच आठवतो. "काल तर चालत होते, कोणी हातही लावला नाही" अशी तक्रार आली की आधी हे तपासावे. हात कोणी लावलेला नसतोच. महिन्यापूर्वी हात लावणाऱ्याने शेवटची एक आज्ञा दिलेली नसते.

यावर शिक्षक म्हणतील, "आधीच ऑनलाइन कामांनी जीव नकोसा झालाय, आता स्विचही आम्हीच बघायचे का?" तक्रार रास्त आहे. शिक्षकाने यंत्र चालवावे असे मी म्हणत नाही. पण स्कूटर दुरुस्त करता येत नसली तरी पेट्रोल संपले की चाक पंक्चर झाले एवढे आपल्याला कळते, म्हणून मेकॅनिक आपल्याला इंजिन बदलायला लावू शकत नाही. तेवढेच कळणे इथे पुरे. दुसरे कोणी म्हणेल, "चार कॅमेरे आणि पाच संगणकांच्या शाळेला व्हीलॅन हवेच कशाला?" हेही खरे आहे. लहान शाळेने कॅमेऱ्यांसाठी स्वतंत्र साधा स्विच घेतला आणि फायरवॉलच्या वेगळ्या पोर्टला जोडला तर तीही भिंतच झाली. माझा आग्रह व्हीलॅनचा नाही, भिंतीचा आहे.

म्हणून काम देतानाच करारात चार गोष्टी लिहून घ्याव्यात. कोणता क्रमांक कोणत्या गटाला आणि कोणता पोर्ट कोणत्या खोलीला, याचा कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवलेला असावा. स्विच आणि फायरवॉल या दोन्हींच्या मांडणीची प्रत पेनड्राइव्हवर शाळेकडे असावी. मुख्य पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात असावा, कंत्राटदाराच्या मोबाइलमध्ये नव्हे. आणि संगणक कक्षातून रेकॉर्डर उघडत नाही, हे समोर करून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

आणखी एक काम आपल्या हातात आहे. खोपोली, कर्जत, नेरळच्या आपल्या मोहल्ल्यांतली कितीतरी मुले तार ओढण्याचे, कॅमेरे बसवण्याचे काम करतात. ती कष्टाळू आहेत, हाताने पक्की आहेत. कुठे क्लिक करायचे हे त्यांना ठाऊक असते, पण का करायचे हे कोणी सांगितलेले नसते, कारण पुस्तके इंग्रजीत आणि शिकवणारे घाईत. शाळेची एखादी खोली, एक जुना स्विच आणि रविवारचे दोन तास मिळाले तर हे सगळे मराठीत आणि उर्दूत समजावता येते. असा मुलगा पुढच्या शाळेत गेला की भिंत पाडायच्या आधी क्रमांक तपासेल.

पालकांनी पुढच्या सभेत कॅमेरे किती हे जरूर विचारावे. पण त्याच्या पुढचा प्रश्नही विचारावा की संगणक कक्षातून ते दिसतात का? उत्तर तोंडी घेऊ नये. तिथल्या तिथे उघडून दाखवायला सांगावे.