‘इथल्या इथे’ राहण्याचं आरोग्य

‘निवृत्तीनंतर सांगलीला परत जावं का?’ पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या मंडळींकडून हा प्रश्न हल्ली बराच ऐकू येतो. घरून काम करण्याची मुभा असलेले तरुणही तो विचारतात. त्यामागे एक गृहीत असतं. मध्यम शहर म्हणजे मोकळी हवा, चांगलं पाणी, कमी दगदग. म्हणजे तब्येतीला बरं. यातलं निम्मं खरं आहे. पण ते निम्मं नेमकं कोणतं, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सांगलीचंच उदाहरण घेऊ. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ मध्ये झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर होती. महानगर नाही, खेडं तर नाहीच. आता हवेचं बघा. केंद्राने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. सलग काही वर्षं हवेच्या गुणवत्तेची मानकं न पाळू शकलेली शहरं त्यासाठी निवडली गेली. त्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर सांगलीचंही नाव आहे. कोल्हापूर, सोलापूर, जालना, लातूर यांचीही आहेत. अनेकांना हे ऐकून धक्का बसतो. कारण धुरकं दिसत नाही, समोरचं सगळं स्वच्छ दिसतं. पण उखडलेल्या रस्त्यांची धूळ, पेटवलेला कचरा आणि दुचाकींचा धूर यांना शहराच्या आकाराशी देणंघेणं नसतं. सूक्ष्म धूलिकणांपैकी ‘पीएम १०’ची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटना १५ वर थांबायला सांगते. महानगरात निदान प्रदूषणाची बातमी होते, मोजमाप होतं, ओरड होते. मध्यम शहरात मोजणारी यंत्रं मोजकीच, त्यामुळे खोकला ‘हवा बदलली’ या सदरात जमा होतो.

पाण्याचंही तसंच. शेरीनाल्याचं सांडपाणी कृष्णेत मिसळतं हा सांगलीकरांच्या पिढ्यांनी ऐकलेला विषय आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात शेजारच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि त्यात माणसं दगावली. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई गरोदर स्त्रियांना तर जास्तच धोकादायक. तेव्हा हवापाण्यासाठी म्हणून कुणी परत येणार असेल, तर त्याने जरा थांबावं.

मग चांगलं निम्मं कोणतं? माझ्या मते एकच आणि ते फार मोठं आहे: अंतर. शाळा, मंडई, दवाखाना, बँक, स्टेशन हे सगळं बहुतेकांना चार-पाच किलोमीटरच्या आत. यासाठी आपल्याकडे छान शब्द आहे, ‘इथल्या इथे’.

या शब्दाची खरी किंमत कळते ती आणीबाणीत. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतली मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली, तर उपचार मिळेपर्यंत दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, की घड्याळ सुरू झालं. मुंबईत हा वेळ वाहतुकीत जातो, दुर्गम खेड्यात रस्त्यात. सांगलीत मिरज हाकेच्या अंतरावर. मिरजेला वैद्यकपंढरी म्हणतात ते उगीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी तिथे रुग्णालय उभं केलं, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि उत्तर कर्नाटकातूनही रुग्ण येऊ लागले.

याचीही एक मर्यादा आहे आणि ती साध्या गणिताची आहे. लाखात एखाद्याला होणारा आजार पाच लाखांच्या शहरात पाचच जणांना असणार. तेवढ्यांसाठी एखादा अतिविशेष तज्ज्ञ कायमचा येऊन राहत नाही. मिरजेसारखा मोठा परिसर पाठीशी असला तरी दुर्मीळ आजारासाठी कधी ना कधी पुण्याची वाट धरावीच लागते, आणि ती सव्वादोनशे किलोमीटरची आहे. पण पक्षाघात, हृदयविकार, अपघात, अडलेलं बाळंतपण हे दुर्मीळ नाहीत. बहुतेक घरांवर वेळ येते ती यांचीच.

आता माझी तक्रार. ही अंतराची श्रीमंती आपण रोज उधळतो. दोन किलोमीटर चालायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात. जाऊन-येऊन पन्नास, आठवड्यातून पाच दिवस म्हणजे अडीचशे मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे ना जिमची फी, ना वेगळा वेळ. पण आपण कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला गाडीला किक मारतो आणि संध्याकाळी पुन्हा गाडीवर बसून ‘वॉक’ला मैदानावर जातो! सगळा दोष माणसांचा नाही. पदपथावर टपरी, टपरीपुढे लावलेल्या गाड्या आणि त्यापुढे उघडं गटार असेल, तर सत्तरीच्या बाईंनी कुठून चालायचं?

गाडी काढलीच, तर हेल्मेट नाही. कारण तेच: ‘इथल्या इथे तर जायचंय.’ हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी घटतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीतून दिसलं आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला धडकताना घर किती जवळ होतं याने फरक पडत नाही.

ओळखीपाळखीचंही असंच दुधारी आहे. रात्री दुखायला लागलं तर शेजारचा मुलगा गाडी काढतो. मुलं परगावी असलेल्या वृद्धांना हा आधार औषधाइतका मोलाचा. पण मानसोपचारतज्ज्ञाच्या दारात गाडी लावली, की ती कुणाची हे तासाभरात गल्लीत कळतं. या भीतीने उपचार लांबवणारे कमी नसतात. निदान त्यांना १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा शासकीय क्रमांक माहीत असावा. फोन मोफत आहे, नाव सांगावं लागत नाही.

तर परत यायचं का? मी म्हणेन, जरूर या. पण फ्लॅट बघताना पार्किंगच्या आधी तीन गोष्टी बघा. फाटकापासून भाजीपर्यंत एकदा चालत जाऊन या, तेही दिवेलागणीनंतर. रात्री दोन वाजता सीटी स्कॅन आणि डॉक्टर दोन्ही कुठे मिळतात, हे त्या त्या रुग्णालयात जाऊन विचारा. १०८ च्या रुग्णवाहिकेला पत्ता कसा सांगायचा तेही ठरवून ठेवा. आणि ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा या इमारतीत पाणी कुठवर आलं होतं, ते बिल्डरला नको, शेजारच्या दुकानदाराला विचारा. तो भिंतीवर हात ठेवून दाखवेल.