वैनगंगेवरील लांब नाव

सतरा फूट लांब आणि जेमतेम दोन फूट रुंद अशी नवी सागरी कयाक बालाघाट जिल्ह्यातील धुटीच्या बंधाऱ्याच्या वरच्या अंगास, संथ पाण्यात, गेल्या माघात मी प्रथम घातली, तेव्हा बसताक्षणीच ती दोन्ही अंगांस अशी काही डळमळली की, समुद्रासाठी घडविलेले हे वाहन आमच्या नदीस निरुपयोगी आहे, असा निकाल काठावरील मंडळींनी आणि माझ्या मनानेही तत्काळ देऊन टाकला. त्या निकालाविरुद्ध आज मला दाद मागावयाची आहे.

नावेचे स्थैर्य द्विविध असते. रुंद, सपाट तळाची नाव स्वस्थ पाण्यावर पाटासारखी स्थिर राहते, परंतु आडव्या लाटेबरोबर कलते आणि मर्यादेपलीकडे अकस्मात उलटते. उलटपक्षी अरुंद, गोलसर तळाची कयाक आरंभी डुलते खरी, पण एका कुशीवर बरीच कलल्यावर, पाण्यात आधार सापडावा तशी, तेथेच थबकते. हे थबकणे मला तिसऱ्या फेरीत जाणवले आणि भीती गेली. मग उमगले की उजवीकडे वळावयाचे असता, गुडघा आतून दाबून, तिला किंचित डाव्या कुशीवर घ्यावे. एरवी सरळ रेषा न सोडणारी ती लांब नाव तेव्हा निमूटपणे वळते. दुपारी वारा सुटला तशी तिची नाळ वाऱ्याकडे फिरू लागली. मागच्या तळातील पट्टी दोरीने खाली सोडताच ती पुन्हा वाटेवर आली.

उत्तर ध्रुवाकडील इनुइट शिकारी अशी नाव लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून, शिकाऱ्याच्याच शरीराच्या मापाने बांधीत. अंगरख्याप्रमाणे तीही अंगास बसावी लागते, आणि त्यास अवधी हवा.

काठावर जाळे निस्तरीत बसलेले एक वृद्ध ढीमर मच्छीमार मला म्हणाले, “भाऊ, कंबर ढिल्ली सोडा. डोंग्यातबी नवा माणूस असाच ताठ बसते.” मी त्यांना वल्हे दिले. एकाच खोडातून कोरलेल्या डोंग्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्याखाली ती नाव एकदाही डुलली नाही. वल्ह्यावरून ओघळलेल्या थेंबांची वर्तुळे तेवढी मागे उरत गेली.

कयाक आपल्या प्रांतास परकीही नाही. भोपाळच्या तलावावर सराव केलेल्या ग्वाल्हेरच्या प्राची यादव यांनी 2023 साली हांगचौच्या आशियाई पॅरा स्पर्धेत कयाकमध्ये सुवर्णपदक मिळविले. महेश्वरला नर्मदेच्या खळाळात राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा झाल्या. बालाघाटास नदी आहे आणि पिढीजात अंगवळणही आहे. सबब माझी शिफारस एवढीच की, जिल्ह्यात अशा दोन-चार नावा मंजूर व्हाव्यात, त्यांची पारख निदान एक हिवाळाभर व्हावी, तरंगजाकीट सर्वांस सक्तीचे असावे, आणि पहिल्या बैठकीचा मान ढीमरांच्या मुलामुलींना मिळावा.