हिमगौरी कोणाची?

वॉल्ट डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ या चित्रपटाचा विषय निघाला की पुरोगामी वर्तुळांत एक ठरावीक निकाल ऐकू येतो. भांडवली करमणुकीचा हा गोड नमुना; झाडलोट करीत राजपुत्राची वाट पाहणारी नायिका आणि खाणीत राबताना गाणी म्हणणारे कामगार; मुलांना लहानपणीच चाटवलेली अफू. निकाल दिला की चर्चा संपते. दुसरीकडे कंपनीचा निकालही तयारच असतो : ही एका प्रतिभावंताची जादू, आणि जादूला कारण विचारायचे नसते. २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखवलेला हा ८३ मिनिटांचा चित्रपट पिढ्यान्‌पिढ्या मुलांना का धरून ठेवतो, या प्रश्नाला दोन्ही निकाल बगल देतात. इतकेच नव्हे, तर परस्परांच्या वैरी असलेल्या या दोन पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे. चित्रपटात जे काही आहे ते डिस्नेने घातले, असे दोघेही धरून चालतात. एक त्याला जादू म्हणतो, दुसरा विष म्हणतो. मालक मात्र दोघांच्याही लेखी एकच.

चूक येथे आहे. आणि ती केवळ रसग्रहणातली नाही, राजकारणातली आहे.

कथा आधी होती

मराठी घरांत ‘हिमगौरी आणि सात बुटके’ या नावाने सांगितली जाणारी ही कथा ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मनीत छापली. त्यांनीही ती रचली नव्हती. लोकांच्या तोंडून ऐकून टिपून घेतली होती, आणि त्यांना कथा सांगणाऱ्यांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. पहिल्या आवृत्तीत मुलीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची जन्मदातीच होती. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र आई झाली. बुटक्यांना तेथे नावे नव्हती. राजपुत्राच्या चुंबनाने मुलगी जागी होत नव्हती. पुढील आवृत्त्यांत शवपेटी वाहणारे ठेचकाळतात, घशात अडकलेला विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती डोळे उघडते. म्हणजे चित्रपटातील मुक्ती राजपुत्राच्या कृपेने होते, तर लोककथेतील मुक्ती ओझेवाल्यांच्या पायाने. हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

परंतु सांगाडा जुनाच राहिला. सत्ताधाऱ्याच्या मत्सराने घराबाहेर काढलेली निराधार मुलगी. तिला ठार मारण्यासाठी पाठवलेला आणि ऐनवेळी हात थांबलेला नोकर. आणि तिला आसरा देणारे खाणकामगार. ज्या कथेत राजवाडा मारतो आणि कामकऱ्याची झोपडी तारते, ती कथा कोणत्या थरातून आली असेल हे सांगण्यास पंडित नको. मुलांचे मन जेथे गुंतते ते स्थान हेच आहे. राजपुत्र चित्रपटात येतो किती आणि बोलतो किती? मुलांना आठवतात ते बुटके. घाबरलेल्या मुलीला दार उघडे सापडते, जेवण वाटून खाल्ले जाते, आणि ती गेली असे वाटताच सात जण टोप्या काढून मुकाट रडतात. पहिल्या खेळाला जमलेले हॉलिवूडचे मान्यवर याच प्रसंगी रडले, अशी आठवण नंतर वारंवार सांगितली गेली. प्रेमकथेपेक्षा आश्रयाची कथा मोठी ठरली, हे चित्रपटाच्या टिकाऊपणाचे पहिले कारण होय.

पाच वाजता सुटणारी खाण

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे, आणि समाजवाद्यांनीच ते पाहू नये हे आश्चर्य. या चित्रपटात काम दिसते. बुटक्यांच्या खाणीत मालक नाही, मुकादम नाही, हजेरीबुक नाही. घड्याळात पाचाचे ठोके पडतात आणि सातही जण खांद्यावर कुदळी टाकून, एका रांगेत, गात घरी निघतात. हिऱ्यांच्या कोठाराला कुलूप लावतात आणि किल्ली शेजारच्याच खुंटीला अडकवून ठेवतात. कारण चोरणार कोण आणि कोणासाठी? हे हिरे खणायचे कशासाठी, हे त्यांनाही नीट ठाऊक नसते.

हे दृश्य ज्या प्रेक्षकांनी प्रथम पाहिले ते कोण होते? १९३६-३७ च्या हिवाळ्यात फ्लिंट येथील मोटार कामगारांनी कारखान्यात ठिय्या देऊन जनरल मोटर्सला वाटाघाटीस भाग पाडले होते. ३० मे १९३७ रोजी शिकागोत पोलाद कामगारांच्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडून दहा जणांचे प्राण घेतले होते. कामाच्या आठवड्याला तासांची मर्यादा घालणारा अमेरिकी कायदा १९३८ सालचा. त्या कामगाराला व त्याच्या मुलांना, पाच वाजता सुटणारी बिनमालकाची खाण पाहून जे वाटले असेल त्याला निव्वळ गुंगी म्हणणे हा त्यांचा अपमान आहे. ते स्वप्न होते. आणि स्वप्नात माणूस नेहमी खोटेच बोलतो असे नाही.

सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइन याने ही गोष्ट ओळखली होती. १९४० नंतरच्या आपल्या टिपणांत त्याने डिस्नेच्या चित्रांवर मनापासून लिहिले. यंत्राच्या ठोक्यांनी चौकोनी केलेल्या जीवनातून क्षणभर सुटका, असे त्याचे वर्णन होते. आणि ही सुटका दुःखाच्या मुळाशी हात घालत नाही, हेही त्याने लपवले नव्हते. पुढे १९७१ साली चिलीत डॉर्फमन व मातलार यांनी डोनाल्ड डकच्या चित्रकथांची चिरफाड करणारे पुस्तक लिहिले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्याच्या प्रती जाळण्यात आल्या, यातच त्याचा नेम किती अचूक होता ते दिसते. परंतु त्या पुस्तकाचा मुख्य आक्षेप काय होता? डोनाल्डच्या जगात संपत्ती आहे पण ती निर्माण करणारे श्रम नाहीत, कामगारच नाही, हा. ‘स्नो व्हाइट’ला तो आक्षेप जसाच्या तसा चिकटवता येत नाही. येथे श्रम आहेत. नाही तो मालक. एका पुस्तकाची टीका दुसऱ्या कृतीवर डोळे मिटून लादणे याला वर्गीय दृष्टी म्हणत नाहीत. ती पाठांतराची दृष्टी झाली.

एक आक्षेप मात्र निर्विवाद खरा आहे. या स्वप्नातही घरकाम स्त्रीच्याच वाट्याला आले. ग्रिमच्या कथेत बुटके अट घालतात की स्वयंपाक, धुणे, शिवण सांभाळलेस तर राहा. चित्रपटातील मुलगी तर अट घालण्याचीही वाट न पाहता भांडी घासायला घेते. पुरुष पाच वाजता सुटतात, तिची पाळी संपत नाही. हे समर्थनीय नाही. मात्र हा अन्याय पडद्यावर जेवढा होता त्याहून पडद्यामागे अधिक होता, आणि टीकाकारांची नजर तेथवर क्वचितच जाते.

हात कोणाचे

८३ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ चौकटी. म्हणजे जवळजवळ १ लाख २० हजार चौकटी. त्यांसाठी काढलेले प्रत्येक रेखाटन पारदर्शक सेल्युलॉइडवर शाईने उतरवून मागील बाजूने रंगवावे लागे. हे डोळे फोडणारे काम शाई-रंग विभागातील तरुणी करीत. मोजक्या अॅनिमेटरांना आठवड्याला २००-३०० डॉलर मिळत असताना या स्त्रियांची मजुरी २० डॉलरांच्या आसपास होती. १९३७ च्या अखेरच्या महिन्यांत चित्रपट वेळेवर पुरा व्हावा म्हणून त्या रात्री-अपरात्रीपर्यंत राबल्या. पडद्यावर पाचाचे ठोके रंगवणाऱ्या हातांना स्वतःचे पाच कधी वाजलेच नाहीत. १९३८ साली अॅनिमेशन शिकू इच्छिणाऱ्या एका अर्जदार तरुणीला स्टुडिओने लेखी कळवले की निर्मितीचे सर्जक काम केवळ तरुण पुरुष करतात. स्त्रियांसाठी जागा शाई-रंगात.

चित्रपटाच्या आरंभी डिस्नेच्या सहीने कर्मचाऱ्यांच्या निष्ठेबद्दल व कल्पकतेबद्दल आभार मानलेले आहेत. पण श्रेयनामावलीत या स्त्रियांची नावे नाहीत. नायिकेला आवाज देणाऱ्या आड्रियाना कॅसेलॉटी यांचेही नाव नाही. सुमारे १५ लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने पहिल्याच फेरीत त्याच्या कित्येक पट उत्पन्न आणले. १९३९ साली अकादमीने एक मोठी आणि सात छोटी अशा आठ बाहुल्या दिल्या. आठही एकट्या वॉल्ट डिस्नेच्या हाती. बर्बँक येथे नवा स्टुडिओ उभा राहिला. ज्यांनी नफ्यातील वाट्याची आशा धरली होती त्यांच्या पदरी निराशा आली.

निष्ठेचा हिशेब १९४१ मध्ये निघाला. दुष्ट राणीचे अॅनिमेशन ज्याने केले तो आर्ट बॅबिट हा उत्तम पगाराचा कलावंत कमी पगाराच्या सहकाऱ्यांसाठी युनियनमध्ये शिरला. त्याला अन्य काही जणांसह कामावरून काढण्यात आले आणि २९ मे १९४१ रोजी तीनशेहून अधिक कर्मचारी संपावर गेले. बुटक्यांना जिवंत करणारा बिल टायटला हाही संपकऱ्यांत होता. सरकारी मध्यस्थीनंतर, उन्हाळा सरता सरता, कंपनीला युनियन मान्य करावी लागली. डिस्नेने हा पराभव विसरला नाही. ऑक्टोबर १९४७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन त्याने हा संप कम्युनिस्टांचे कारस्थान असल्याची साक्ष दिली. ज्यांनी राणी आणि बुटके घडवले ते देशद्रोहाच्या संशयाचे धनी, आणि ज्याने सही केली तो राष्ट्राच्या बालपणाचा राखणदार!

कुंपण

पुढची कथा मालमत्तेची आहे. १९४४ पासून दर सात-दहा वर्षांनी चित्रपट पुन्हा प्रदर्शित करून प्रत्येक नव्या पिढीकडून नवे तिकीट वसूल करण्याची रीत कंपनीने पाडली. १९९८ साली अमेरिकेत कंपन्यांच्या कृतींवरील स्वामित्वहक्काची मुदत ७५ वर्षांवरून ९५ वर्षे झाली. त्यासाठी झटणाऱ्यांत डिस्ने कंपनी आघाडीवर होती. ही मुदत वाढली नसती तर १९३७ चा हा चित्रपट २०१३ च्या आरंभी सर्वांचा झाला असता. आता त्यासाठी २०३३ उजाडावे लागेल. ज्या कंपनीने सर्वांच्या मालकीची लोककथा फुकट उचलली, तिनेच आपल्या पाळीला परतफेडीची मुदत वीस वर्षांनी लांबवली. गावाच्या गायरानातून माती न्यायची आणि तिच्या विटांनी गायरानालाच कुंपण घालायचे, असा हा व्यवहार आहे.

तथापि हक्क विकत घेता येतात, आकर्षण घेता येत नाही, याचा पुरावा कंपनीनेच दिला. २०२५ साली तिने प्रत्यक्ष नटनट्या घेऊन हीच कथा वीस कोटींहून अधिक डॉलर खर्चून पुन्हा काढली. बुटके संगणकाने बनवले. जगभरच्या तिकिटांची एकूण रक्कमही निर्मितिखर्चापर्यंत पोचली नाही. नाव तेच, गाणी बरीचशी तीच, भांडवल अनेक पट. मग जादू कोठे गेली? ती मालकाजवळ असती तर पुन्हा आली असती.

त्याच वर्षी जूनमध्ये डिस्नेने कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्रे बनवणाऱ्या मिडजर्नी या कंपनीवर आपल्या पात्रांची चोरी केल्याचा दावा लावला. चोरीचा आरोप खोटा म्हणण्याचे कारण नाही. परंतु त्या खटल्यात वादी कंपनी आहे, प्रतिवादी कंपनी आहे. ज्यांच्या बोटांतून त्या रेषा उतरल्या ते कलावंत कोणत्याच बाकावर नाहीत. मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे परदेशी स्टुडिओंसाठी अॅनिमेशन व दृश्यपरिणामांचे काम करणाऱ्या तरुणांचा प्रश्न याहून वेगळा नाही. कामाचे तास, श्रेयनामावलीतील नाव आणि आपल्या रेषेवरचा हक्क या तिन्ही मागण्या १९३७ च्या शाई-रंग विभागात जेवढ्या रास्त होत्या तेवढ्याच आजही आहेत.

म्हणून चित्रपटावर बहिष्काराची भाषा व्यर्थ आहे. मुलांच्या हातून हिमगौरी काढून घेणारा कार्यकर्ता, ती कंपनीची आहे हा कंपनीचा दावाच मान्य करीत असतो. तिच्यावर तिला सांगणाऱ्या आज्यांचा, तिच्या ओठांना रंग देणाऱ्या अनाम मुलींचा, १९४१ च्या उन्हात स्टुडिओच्या फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या संपकऱ्यांचा हक्क अधिक जुना आणि अधिक खरा आहे. अभ्यासवर्गांत हा चित्रपट अवश्य दाखवावा. मुलांना बुटक्यांची नावे पाठ होतातच. त्यांबरोबर बॅबिट आणि टायटला ही नावेही सांगावीत, आणि ज्यांची नावे पडद्यावर कधी आलीच नाहीत त्या स्त्रियांची गोष्टही. १ जानेवारी २०३३ ला कायद्याने कुंपण गळून पडेल. त्या दिवसापर्यंत थांबण्याचे कारण कोणाही कामगाराच्या मुलाला नाही.