मानेच्या गाठीला डाग नको, तपासणी हवी

बैलाच्या खांद्याला सूज आली तर आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. पोराच्या मानेला गाठ आली की मात्र लेप लावतो, डाग देतो, महिने घालवतो. हे बरं नव्हे.

दात किडला, घसा सुजला तरी गाठ येते. ती बहुधा आपोआप बसते. दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर दवाखाना गाठा. सोनोग्राफी फक्त गरोदर बाईची, हा समज सोडा. मानेच्याही सोनोग्राफीत काही टोचत नाहीत, एक्स-रेसारखे किरण नसतात. गाठ थायरॉईडची की लसिकाग्रंथीची, आत पू आहे का, हे त्यात दिसतं. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या बीसारखी लांबट; गोल फुगलेली किंवा एकमेकींना चिकटलेली दिसली की संशय घ्यावा.

पण सोनोग्राफी म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. क्षयाची गंडमाळ की तंबाखूने झालेला कॅन्सर, हे गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी तपासल्यावर ठरतं. तेव्हा रिपोर्ट खिशात घालून घरी बसू नका. क्षयाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सरपंचांनी ग्रामसभेत एवढं सांगितलं तरी पुष्कळ. डागाने कातडी भाजते, आतला रोग तसाच वाढतो.